इंजिन वाढवा

कापसाचे दिवस आले की माझा घसा धरतो. आमच्या घरात आता कापूस येत नाही, पोरांनी शेतात ऊस लावला आहे. पण रस्त्यानं ट्रॅक्टर भरभरून जातात, कडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकतात आणि मी खोकायला लागते. डॉक्टर म्हणतो, वय झालं आजी. वय तर चैत्रातही झालेलंच असतं. तेव्हा मी खोकत नाही.

ह्या दिवसांत माझी आणखी एक खोड आहे. जेवताना मध्येच हात थांबतो. सून विचारते, खडा लागला का? खडा नसतो. मी ऐकत असते. काय ऐकते ते सांगितलं तर ती म्हणेल म्हातारी भ्रमली, कारण ते इंजिन मोडीत जाऊनही आता एक जन्म झाला.

परवा पुण्याहून नातीचा फोन आला. ती संगणकाच्या कंपनीत आहे. म्हणाली, "आजी, मला मॅनेजर केलं."

"बरं झालं. मग आता काय करायचं असतं?"

"आधी मी स्वतः काम करायचे. आता ते दुसऱ्यांकडून करून घ्यायचं."

"आणि तू काय करायचं?"

मग म्हणाली, "तेच कळत नाही गं. काल दिवसभर हातानं काहीच केलं नाही आणि संध्याकाळी जिना चढवत नव्हता."

मला फोनवर सुचत नाही. पण फोन ठेवला आणि खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही. कारण असंच काहीसं मी आमच्या चुलीपुढे बसून ऐकलं होतं, तिच्या आजोबांच्या तोंडून.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या थोडं आधीचं हे सगळं. शहाद्याच्या बाजूला आमचं गाव. गावाबाहेर एका मारवाडी शेठचं जिनिंग होतं. दिवाळी झाली की भोंगा वाजायचा आणि होळीपर्यंत वाजत राहायचा. कापसातून सरकी काढणारी यंत्रं, त्यांना आम्ही रेचे म्हणायचो, लांबच लांब ओळीत मांडलेली. प्रत्येक रेच्यापुढे एक बाई. ओंजळीनं कापूस घालायचा, पुढून रुई पडते, खालून सरकी. हवेत इतकी बारीक रुई उडायची की संध्याकाळी बाया बाहेर पडल्या म्हणजे सगळ्या एकाच वयाच्या दिसायच्या, पांढऱ्या केसांच्या, पांढऱ्या भुवयांच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांना पाहून वाटलं, या गावात म्हाताऱ्याच राहतात की काय.

आमचे हे तिथे मिस्त्री होते. घरी यायचे ते काळेकुट्ट. कपडे खाऱ्या मातीत उकळले तरी तेलाचा वास जात नसे. मला त्याची लाज नव्हती. वास म्हणजे काम केलं, एवढं मला कळत होतं.

आधीचा मॅनेजर शेठच्या नात्यातला. तो खुर्चीवर बसून पान खायचा. त्यामुळे मॅनेजर म्हणजे पान खाणारा, असाच गावाचा समज होता. एका हंगामाच्या तोंडावर तो मारवाडात निघून गेला, परत आला नाही. शेठनं यांना बोलावलं आणि म्हणाले, "मिस्त्रीजी, आता तुम्ही मॅनेजर." खुर्ची दिली, एक जुना कोट दिला. कोट बाह्यांत आखूड होता.

मला वाटलं, आता सुख. कपडे धुण्याचं तरी. कपडे खरंच मळेनात. आणि मला बेचैन व्हायला लागलं. माणूस उजाडायच्या आत जातो, अंधार पडल्यावर येतो, आणि सदरा जसा गेला तसाच परत येतो. मग करतो काय दिवसभर? विचारलं तर म्हणायचे, "काही नई. फिरस." फिरतो. फिरून माणूस एवढा दमतो? भाकरी पुढे ठेवली तर तिच्याकडे बघत बसायचे.

पहिले काही दिवस त्यांना खुर्ची जमलीच नाही. कुठे पट्टा घसरला की हे धावले. नव्या मिस्त्रीच्या हातातून पाना घेतला आणि स्वतः आवळायला बसले. नवा मिस्त्री बाजूला उभा राहून बघतो आहे. हे खाली वाकलेले, तेवढ्यात दुसऱ्या टोकाला रेच्यात खडा जातो, तिसरीकडे सरकीचा ढीग वर येतो, गाडीवाले वजनकाट्यापाशी भांडायला लागतात, आणि विचारायचं कोणाला, तर मॅनेजर पट्ट्याखाली. शेठ एकदा दारात उभे राहून हे बघत होते. ओरडले नाहीत. म्हणाले, "माझा एक चांगला मिस्त्री गेला, मॅनेजर काही मिळाला नाही. सौदा वाईट झाला."

ते यांना लागलं. तेव्हापासून हात पाठीमागे धरून चालायला लागले, म्हणजे पान्याकडे जाणार नाहीत. माझा भाऊ सुकलाल म्हणायचा, "अक्का, दाजीले पोलिसे धरी लयी जाई ऱ्हायनात आसंच वाटस."

सुकलाल माझ्याहून लहान, कळसाडीचा, म्हणजे माझ्या माहेरचा. बापाकडे जमीन थोडी आणि भाऊ पुष्कळ, म्हणून मीच त्याला आमच्या गावी आणलं होतं आणि यांना सांगून जिनिंगात लावलं होतं. त्याची बायको यमुना रेच्यावर. ती दोघं आमच्या शेजारच्याच खोलीत राहायची. सकाळी मी चौघांच्या भाकऱ्या एकाच फडक्यात बांधून ठेवायची.

आणि सुकलालचं काम होतं बोळात.

बोळ म्हणजे रेच्यांच्या खालचा लांब अंधारा खड्डा. त्यातून एक लोखंडी शाफ्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला. इंजिन तो शाफ्ट फिरवायचं आणि शाफ्टवरून पट्टे वर जाऊन रेचे फिरवायचे. शाफ्टला जागोजाग तेल द्यावं लागे. नाही दिलं तर लोखंड तापणार, आणि वर खाली सगळीकडे रुई. तेल द्यायला कोणीतरी वाकून त्या बोळातून जायचं, शाफ्ट डोक्याशेजारी फिरत असताना. इंजिन थांबवून तेल द्यायची पद्धत नव्हती. हंगामात इंजिन थांबवणं म्हणजे दारात आलेल्या गाड्या दुसऱ्या जिनिंगकडे वळवणं.

सुकलालला त्याचं काही वाटत नव्हतं. "मी उंदीर शे," म्हणायचा. "बिळमा उंदीरले काय व्हस?"

उंदराच्या खांद्यावर गमछा नसतो, हे मला तेव्हा सुचलं नाही. मला नुसती भीती वाटायची, आणि भीतीला कारण सांगता येत नव्हतं. घर जिनिंगच्या कुंपणाला लागून. दिवसभर इंजिनाचा ठोका भिंतीतून यायचा. चुलीवरचं भांडं त्या ठोक्यावर किंचित हलायचं. पोटात पोर असताना मला वाटायचं, त्याचा ठोका कुठला आणि इंजिनाचा कुठला. हे दुपारी घटकाभर जेवायला घरी यायचे तेव्हा त्यांचं सगळं लक्ष त्या ठोक्यावर. जरा वेगळा लागला की घास तोंडापाशी थांबायचा. ठोका पुन्हा नीट लागला की घास आत. त्यांचा हात थांबला की माझाही थांबायला लागला. तो अजून थांबतो.

हे यमुनेच्या नवऱ्याला बोळात पाठवतात आणि तो माझा भाऊ आहे, ही गोष्ट आम्ही चौघं एका फडक्यातल्या भाकरीसारखी वाटून घेतली होती. कोणी काही बोलत नव्हतं. पण मी एकदा बोलले.

म्हटलं, "त्याले तठून काढा. दुसरं काम द्या."

"मंग बोळमा कोनले धाडू?"

"दुसरा कोनले बी."

"दुसराले बहीन नई का?"

मी म्हटलं, "मग तुम्ही जा. आधी जायचेच ना."

मग म्हणाले, "मी खाले ऱ्हायनू तं वर कोन देखी?" आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "जावानं सोपं व्हतं."

स्वतः जाणं सोपं होतं. मला त्या वेळी याचा रागच आला. बहिणीपुढे असं बोलतात का? आज मला ते तेवढं चुकीचं वाटत नाही. पण त्या वेळी मी रागावले ते बरोबरच होतं. माझा भाऊ खाली होता.

आता त्या शब्दाचं सांगते.

आपल्यात दिवा विझवा म्हणत नाहीत. दुकान बंद करा म्हणत नाहीत, वाढवा म्हणतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली. नको त्या गोष्टीचं नावच घ्यायचं नाही, उलट नाव घ्यायचं, म्हणजे ती ऐकत असली तर फसेल. तशीच जिनिंगची रीत होती. चालू हंगामात "इंजिन बंद करा" असं कोणी तोंडातून काढायचं नाही. लक्ष्मी बंद होते. म्हणायचं, "इंजिन वाढवा." रोज संध्याकाळी भोंग्यावर इंजिन ठरल्याप्रमाणे थांबायचं, तेव्हा बोलायची गरजच नसे. पण मध्येच काही झालं, कोणाचा पदर रेच्यात ओढला गेला, कुठे धूर आला, तर बाईनं ओरडायचं "वाढवा", शेजारणीनं तेच पुढे ओरडायचं, तोंडातोंडी आरोळी इंजिनच्या खोलीपर्यंत जायची. ड्रायव्हर भिंतीपलीकडे, त्याला आत काही दिसत नसे. त्याला फक्त ती आरोळी.

जुना ड्रायव्हर गावचाच होता, बरीच वर्षं त्यानं त्या शब्दावर वाफ बंद केली. त्या हंगामात त्याला हिवतापानं धरलं आणि त्याच्या जागी करीमभाई आले. सुरतेकडचे. रेल्वेत इंजिनावर होते. शांत माणूस, इंजिन पुसून लख्ख ठेवायचे. सगळ्यांनी त्यांना सगळं दाखवलं, पाणी कुठलं, लाकूड कुठलं, नमाजाला जागा कुठली. तो शब्द मात्र कोणी सांगितला नाही. लपवला असं नाही. आम्हाला तो सांगायचा शब्द आहे असंच वाटत नव्हतं. श्वास कसा घ्यायचा हे कोणी पाहुण्याला सांगत नाही.

त्यात त्या वर्षी कापूस उदंड. गाड्यांची रांग नदीच्या उतारापर्यंत. आभाळ धरून आलेलं, अवकाळी पडला तर उघड्यावरच्या कापसाचा चिखल. शेठचा जीव थाऱ्यावर नव्हता. मुनीम सारखे इंजिनच्या खोलीत जाऊन सांगायचे, "करीमभाई, जरा वाढवा. अजून जरा वाढवा." म्हणजे वेग वाढवा. करीमभाई वाढवायचे. भांडं चुलीवर जास्त हलायचं, आणि मी ते फडक्यानं धरून ठेवायची.

एका दुपारी सुकलालच्या गमछ्याचं टोक शाफ्टनं धरलं.

यमुनेचा रेचा नेमका त्याच्या वर होता. तिनं फटीतून पाहिलं आणि ओरडली, "वाढवा!" शेजारणीनं ओरडलं. तिच्या शेजारणीनं. सगळ्या ओळीनं ओरडलं. भिंतीपलीकडे करीमभाईंनी ऐकलं, आणि एवढ्या बाया एकदम सांगताहेत म्हणजे फारच घाई दिसते, म्हणून त्यांनी इंजिनात वाफ पूर्ण सोडली.

मी घरात होते. भांडं चुलीवरून खाली पडलं.

बाया सांगतात, त्यांनी आणखी जोरानं ओरडायला सुरुवात केली, आणि इंजिन आणखी जोरानं पळायला लागलं. हे आवारात गाड्यांपाशी होते. त्यांना काय झालं ते दिसलं नव्हतं, पण ठोका ऐकू आला. धावत इंजिनच्या खोलीच्या खिडकीपाशी गेले आणि त्या जिनिंगात आजवर कोणी न उच्चारलेला शब्द बेंबीच्या देठापासून उच्चारला. "बंद!"

करीमभाईंनी त्या क्षणी बंद केलं.

गमछा जुना, विरलेला होता, म्हणून फाटला. यमुना नवा घेणार होती, राहून गेला. सुकलालची एका बाजूची मानेची कातडी गेली, कानाची पाळी गेली. जीव राहिला. त्याला आमच्या अंगणात आणून बाजेवर टाकला तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्याकडे नाही, यांच्याकडे पाहिलं. यांचा सदरा तेव्हाही स्वच्छ होता.

दोष कोणाचा, हे गावानं संध्याकाळच्या आत ठरवून टाकलं. एक म्हणाला, परका माणूस, त्याला आपल्या माणसाची काय पडली. दुसरा त्याच्याही पुढचं बोलला, ते मी सांगत नाही. शेठ म्हणाले, करीमभाईंना काढा, रोष नको. हे म्हणाले, नाही. करीमभाई आमच्या दारात येऊन उभे राहिले, आत आले नाहीत. टोपी हातात. बाजेवरच्या सुकलालला म्हणाले, "दुकान बढाते है, चिराग बढाते है, वो तो मुझे मालूम है. मगर इंजन? मुनीमजी रोज बोलते, करीमभाई, वाढवा. तो मैंने वाढवा दिया."

सुकलालला हसू आलं. हसला आणि मान दुखली म्हणून शिवी दिली. करीमभाईंना कळेना, शिवी त्यांना की मानेला. मी चहा ठेवला.

दोष कोणाचा, हे यांनी कधीच विचारलं नाही, हे मला मागून लक्षात आलं. ते दुसरंच विचारत होते. उद्या सकाळी भोंगा वाजेल, तेव्हा काय वेगळं असेल? सारखं तेच. शेठकडे गेले. म्हणाले, दिवसातून दोनदा इंजिन थांबवून तेल देऊ. शेठ म्हणाले, गाड्या बघा आणि आभाळ बघा, हंगाम संपल्यावर बोलू. यांना ते जिंकता आलं नाही. मॅनेजर म्हणजे सगळं करू शकणारा नसतो. मग म्हणाले, बोळात जाणाऱ्यानं गमछा, पागोटं, लोंबतं काही घालायचं नाही. ते मिळालं. आणि म्हणाले, आजपासून इंजिन थांबवायला एकच शब्द. बंद.

शेठनं कानावर हात ठेवले.

मी विचारलं होतं, घंटा का नाही बांधत? म्हणाले, घंटेची दोरी एका जागी राहणार, आणि जिला दिसलं ती दुसऱ्या जागी असणार. तोंड प्रत्येकीजवळ असतं.

तोंड होतं, पण त्यातून शब्द येईना. दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधी यांनी बायांना ओळीत उभं केलं आणि म्हणाले, सगळ्या मिळून म्हणा, बंद. मी कुंपणाच्या फटीतून बघत होते. कोणी पदर तोंडाला लावला, कोणी खाली बघितलं. सकाळची वेळ, कपाळावर कुंकू ओलं, आणि म्हणायचं बंद! आतल्या लक्ष्मीच्या फोटोपुढे शेठची उदबत्ती जळत होती. एक म्हातारी विधवा ओळीतून पुढे आली. म्हणाली, "मन्हं कुकू कव्हयच पुसाई गय. मी म्हनस. बंद. बंद. आखो म्हनू का?" सगळ्या हसल्या. हसता हसता दोघीतिघींच्या तोंडून निघालं.

शेठ दारातून म्हणाले, "मिस्त्रीजी, सकाळी सकाळी लक्ष्मीसमोर हा शब्द?"

हे म्हणाले, "शेठजी, तुम्ही ऐकू नका. करीमभाईंना ऐकू गेलं म्हणजे झालं."

रोज सकाळी हे करायला लावलं. रोज थोडा आवाज वाढला. पण यमुना म्हणेना. ओठ हलवायची नुसते. हे माझ्या लक्षात आलं, यांच्याही आलं असणार, पण ते तिला काही बोलले नाहीत. नणंदेचा नवरा, काय बोलणार. सुकलालची जखम भरली, पुन्हा तो बोळात जायला लागला होता. तिचा रेचा तोच, त्याच्या डोक्यावरचा. म्हणजे सगळ्यांच्या आधी जिला दिसेल तीच मुकी.

मी नदीवर तिला गाठलं. धुणं आपटता आपटता विचारलं, काय गं, सगळ्या म्हणतात, तुझीच जीभ का झडते?

"मन्हा तोंडमा येतच नई, अक्का. तो खाले ऱ्हास. मी वरतून आसं कसं म्हनू?"

"मंग काय म्हनशी? वाढवा?"

ती रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं नाही. मला येतही नाही ते. मी म्हटलं, शब्दानं नवरा मरत नाही, शाफ्टनं मरतो. ती आणखी रडली. मी धुणं पिळलं आणि घरी आले. तिला समजलं की नाही, मला कळलं नाही. रात्र गेली, सकाळ झाली, भोंगा वाजला, आणि मी पुन्हा भांड्यावर हात ठेवून बसले.

बिनकामाची भीती फार वाईट. शेतात काम करणाऱ्या बाईला भीती वाटली तर ती खुरपं जोरानं चालवते. मला करायला काही नव्हतं. मला ठोका ऐकायचा होता. आता कधी वाटतं, हे सुद्धा दिवसभर तेच करत होते. फक्त ते चालत चालत ऐकायचे आणि मी बसून. त्यांनी स्वतःच्या हातानं शाफ्ट थांबवायचा नव्हता, पट्टा चढवायचा नव्हता, तेल द्यायचं नव्हतं. दुसऱ्याचे हात नीट चालावेत आणि शाबूत राहावेत, एवढंच काम, आणि ते झालं तर कोणाला दिसत नाही. काही झालं नाही, हे कोण कोणाला दाखवणार?

मग एका सकाळी ठोका थांबला.

हळूहळू नाही. मध्येच तुटला. भांडं स्थिर झालं. आमच्या ओळीतल्या सगळ्या बाया उंबऱ्यावर आल्या. हंगामात दिवसा तशी शांतता गावानं क्वचितच ऐकली होती. चिमण्या ऐकू यायला लागल्या. मी कुंपणाच्या फाटकातून पळाले. पोट पुढे, पायात काही नाही.

आत सगळ्या बाया आपापल्या रेच्यापुढे उभ्या होत्या. हवेतली रुई हळूहळू खाली बसत होती. शेठ पेढीवरून धावत आले होते, धोतराचा सोगा हातात. बाहेर गाडीवाले विचारत होते, काय झालं. हे मधल्या वाटेत उभे, हात मागे बांधलेले. चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा.

"कोन वरडनं?"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

"कोन वरडनं?" दुसऱ्यांदा अधिक हळू.

यमुना म्हणाली, "मी."

"काय दिसनं?"

"काही दिसनं नई."

"मंग?"

"तो तेल देतांना झारी ठोकस. टक टक व्हत ऱ्हास. तो आवाज बंद व्हई गया." एवढं बोलून तिच्या लक्षात आलं की आपण तो शब्द पुन्हा बोललो, आणि तिनं पदर तोंडावर धरला.

शेठ म्हणाले, "म्हणजे काही झालेलंच नाही?"

तेवढ्यात बोळाच्या तोंडातून सुकलालचं डोकं वर आलं. तेलानं माखलेला, अर्ध्या कानाचा. एका हातात झारी, दुसऱ्या हातानं पाय धरलेला. "काय व्हयनं? कोन मरनं?" म्हणाला. "मी काटा काढाले बठनू तं तुम्ही इंजिनच थांबाडं?"

कोणीतरी हसलं. शेठ नाही. त्यांचा चेहरा लाल झाला होता. बाहेर गाड्या खोळंबलेल्या, वर आभाळ तसंच काळं. म्हणाले, "एका बाईच्या मनात आलं म्हणून माझं जिनिंग थांबणार? काटा टोचला म्हणून? आज ही, उद्या ती. मग मॅनेजर कशाला ठेवलाय मी?"

"याच्याचकरता," हे म्हणाले.

मग त्यांनी शेठकडे पाठ केली. ते काही अपमान म्हणून नव्हतं, त्यांना यमुनेशी बोलायचं होतं. सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पुन्हा आसं वाटनं तं पुन्हा वरड. काटा ऱ्हावो का काही ऱ्हावो."

यमुना मान खाली घालून उभी होती. सुकलालनं तिच्याकडे पाहिलं, कानाच्या उरलेल्या तुकड्याला हात लावला, आणि काही न बोलता पुन्हा खाली उतरला. हे इंजिनच्या खिडकीकडे गेले. जाताना त्यांनी हात पाठीमागून सोडले आणि तळवे सदऱ्याला पुसले, हे मी मागून आल्यामुळे मला दिसलं. बायांना दिसलं नसावं. शेठ अजून तिथेच उभे होते, आणि यमुनेनं ओंजळभर कापूस उचलून तसाच हातात धरला होता, रेचा फिरायची वाट बघत.